मणक्यातला स्क्रू सैल पडला की आधी हाड तपासा

कंबरेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, टाके सुकतात, रुग्ण चालू-फिरू लागतो आणि काही महिन्यांनी कंबर पुन्हा धरते. एक्स-रे काढल्यावर दिसते की एखादा स्क्रू आपल्या जागी हलतो आहे. सैल पडलेले स्क्रू काढून नव्याने बसवण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते, आणि अशा रुग्णाचे नातेवाईक जवळपास नेहमी एकच प्रश्न घेऊन येतात, तो म्हणजे स्क्रू कोणत्या कंपनीचा होता. प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर बहुधा दुसरीकडे असते. धातू क्वचित दगा देतो. तो ज्या हाडात रुतवला आहे ते हाड दगा देते, आणि त्या हाडाची तपासणी न करता नुसता जाड स्क्रू घातला तर तोही काही काळाने त्याच वाटेने जातो. रुग्ण, त्यांचे घरचे, त्यांचे नेहमीचे डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी अस्थिशल्यचिकित्सा करणारे तरुण सहकारी अशा सर्वांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. तपासण्यांचा क्रम फुकटातल्या व सोप्या गोष्टींपासून खर्चिक व अवघड गोष्टींकडे जातो, आणि तो क्रम मोडू नये असे माझे ठाम मत आहे.

लक्षणे

सैल स्क्रूचे दुखणे बहुतेक वेळा हालचालीशी बांधलेले असते. खाटेवरून उठताना, अंथरुणात कूस बदलताना, बराच वेळ उभे राहिल्यावर किंवा खाली बसून पुन्हा उठताना कंबरेत कळ येते आणि आडवे झाल्यावर ती ओसरते. शस्त्रक्रियेपूर्वीचे पायात उतरणारे दुखणे गेलेले असते आणि आता दुखते ते नेमके जिथे स्क्रू आहेत तिथे, असे रुग्ण स्वतःच सांगतात. काहींना वळताना आत ‘कट्’ असा आवाज जाणवतो. अंगाने बारीक असलेल्या वयस्क स्त्रियांना स्क्रूचे डोके त्वचेखाली हाताला लागू लागते. काहींचा पुढे झुकण्याचा कल वाढत जातो आणि चालताना ओट्याचा किंवा भिंतीचा आधार घ्यावा लागतो. स्क्रूने भोवतालचे हाड फोडून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूजवळ जागा केली, तर पायातली कळही परत येते.

एक्स-रेवर स्क्रूच्या भोवती काळसर पट्टी दिसते. ती एक मिलिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर स्क्रू सैल आहे असे मानतात; या काळ्या पट्टीच्या बाहेर पांढरी कड दिसली, म्हणजे दुहेरी कडे तयार झाले असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. पूर्वीच्या एक्स-रेच्या तुलनेत स्क्रूचे टोक वर किंवा खाली सरकले असेल, तर तोही तितकाच पक्का पुरावा आहे.

मोडलेला स्क्रू आणि सैल स्क्रू यांत गल्लत करू नये. स्क्रू मोडतो तेव्हा हाडाने त्याला शेवटपर्यंत घट्ट धरलेले असते आणि धातू थकून तुटतो. स्क्रू सैल पडतो तेव्हा धातू शाबूत असतो आणि हाड झिजलेले असते. या शस्त्रक्रियेत शेवटी मणके हाडाने एकमेकांशी जुळून यायचे असतात आणि तोवर स्क्रू त्यांना धरून ठेवतात. दोन्ही ठिकाणी ही जुळणी झालेली नसण्याची शक्यता मोठी असते, पण हाडाच्या प्रतीबद्दल या दोन घटना जवळजवळ उलट गोष्टी सांगतात.

काही स्क्रू सैल असूनही दुखत नाहीत. तेही या तपासणीत येतात, फक्त त्यांच्यासाठी घाई करावी लागत नाही.

या खुणा असतील तर पुढचे काही न वाचता रुग्णालय गाठा

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायाची ताकद कमी होणे किंवा पाऊल लटके पडणे, टाक्यांच्या जागेतून पाणी वा पू येणे, थंडी वाजून ताप येणे, स्क्रूच्या डोक्यावरची त्वचा लाल किंवा पातळ होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे लागते. मज्जातंतूंवरचा दाब वेळीच काढला नाही, तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी मालीश, शेक, कंबर ‘बसवून’ घेणे किंवा ओळखीच्या माणसाने सुचवलेले इंजेक्शन यांत एक रात्रही घालवू नये.

स्क्रूला धरून कोण ठेवते

तपासण्यांचा अर्थ लागण्यासाठी एवढे समजून घेणे आवश्यक आहे. मणक्याच्या पुढच्या गोल भागाला मागच्या कमानीशी जोडणारे हाडाचे दोन आखूड दांडे असतात. त्यांना पेडिकल म्हणतात. मागून शिरलेला स्क्रू या दांड्यातून पुढच्या गोल भागात जातो. फ्रान्समध्ये शल्यचिकित्सक रॉय-कामिय यांनी १९६३ पासून ही वाट वापरात आणली, आणि आज जगभर कण्याचे बहुतेक स्थिरीकरण याच वाटेने होते. प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार स्क्रू सरळ ओढून काढायला लागणाऱ्या जोरापैकी सुमारे ६० टक्के जोर पेडिकलमधल्या पकडीचा असतो आणि उरलेला पुढच्या गोल भागाचा. पेडिकलला कठीण कवच असते. गोल भाग मात्र आतून जाळीदार हाडाचा असतो, आणि वयाबरोबर आधी विरळ होते ते हेच जाळीदार हाड.

घनता आणि ताकद यांचे नाते सरळ नाही. कार्टर आणि हेज या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवले की जाळीदार हाडाची दाब सोसण्याची ताकद ढोबळमानाने घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे घनता ३० टक्क्यांनी घटली की ताकद ३० टक्क्यांनी घटत नाही, ती जवळपास निम्म्यावर येते. ‘हाडे थोडी कमजोर आहेत’ या अहवालातल्या वाक्याकडे दुर्लक्ष करण्यापूर्वी हा हिशेब आठवावा.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेत स्क्रू सरळ ओढून काढतात, कारण ते मोजायला सोपे असते. जिवंत माणसात स्क्रू असा सरळ क्वचितच उपटला जातो. गोठ्यातला खुंटा उपटायचा असेल तर शेतकरी तो आधी इकडेतिकडे हलवून सैल करतो, तसेच इथे घडते. माणूस वाकला, उठला, वळला की स्क्रूवर वर-खाली असा भार येतो. पेडिकलच्या कठीण कवचाशी तो टेकतो आणि पुढचे टोक जाळीदार हाडात पंख्यासारखी जागा कोरत जाते. दिवसाकाठी अशा असंख्य हालचाली होतात. हाड टणक असेल तर ते यातून तगते आणि तोवर मणके जुळून येतात. हाड विरळ असेल तर मणके जुळण्याआधीच पोकळी तयार होते. सगळी शर्यत या दोन गोष्टींमधली आहे, आणि तपासण्या कोण का मागे पडले हे शोधण्यासाठी करायच्या आहेत.

पहिली तपासणी: जुने एक्स-रे तारखेनुसार मांडा

याला काहीही खर्च नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेचचा, दीड-दोन महिन्यांचा, सहा महिन्यांचा आणि आताचा असे सगळे एक्स-रे तारखेनुसार शेजारी ठेवून प्रत्येक स्क्रूचे टोक मणक्याच्या वरच्या व खालच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते पाहावे. रुग्णांनी फिल्म किंवा मोबाइलमधले फोटो फेकू नयेत. कित्येकदा निदान तिथेच होते.

स्क्रू कोणत्या जागचा सैल आहे यालाही अर्थ आहे. एकच स्क्रू सैल असून बाकीचे घट्ट असतील, तर तो मुळात नीट वाटेने गेला होता का हा प्रश्न येतो. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतले, म्हणजे सेक्रमच्या पहिल्या मणक्यातले दोन्ही स्क्रू सैल पडणे फार नेहमीचे आहे, कारण तिथले पेडिकल रुंद व आतून पोकळसर असतात आणि वरच्या स्क्रू-सळ्यांच्या सगळ्या मांडणीचा भार शेवटी तिथेच येतो. लांबलचक मांडणीचे सर्वांत वरचे स्क्रूही असेच लवकर हलतात. सगळेच स्क्रू एकाच वेळी, थोड्या आठवड्यांत सैल पडले असतील तर मात्र नुसत्या ठिसूळ हाडावर विसंबू नये. तिथे जंतुसंसर्गाचा विचार आधी करावा.

दुसरी तपासणी: नीट विचारलेले प्रश्न

पाळी कोणत्या वयात थांबली, गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले होते का, किरकोळ पडण्याने मनगट, खुबा किंवा मणका मोडला होता का, उंची कमी झाली आहे का, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, हे विचारावे. किरकोळ धक्क्याने मणका दबलेला असेल तर घनतेचा आकडा काहीही येवो, ते हाड ठिसूळच समजायचे.

औषधांबद्दल तपशिलात शिरावे लागते. दम्यासाठी, आमवातासाठी किंवा त्वचाविकारासाठी महिनोन्‌महिने घेतलेले स्टिरॉइड, फिट्सची काही जुनी औषधे, स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीचे हार्मोनविरोधी उपचार, अ‍ॅसिडिटीच्या वर्षानुवर्षे चाललेल्या गोळ्या, या सर्वांचा हाडांवर परिणाम होतो. सांधेदुखीवर बिनलेबलाच्या पुडीतून मिळणारी ‘जडीबुटीची’ पावडर घेतली होती का, हे वेगळे विचारावे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळते आणि रुग्णाला त्याची कल्पना नसते. अशा पुडीने दोन दिवसांत गुडघे हलके झाले होते असे कोणी सांगितले की माझा संशय बळावतो. मात्र स्टिरॉइड दीर्घकाळ घेतले असल्याची शंका असेल तर ते एकाएकी बंद करू नये. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते.

तंबाखूचेही तसेच. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आमच्याकडच्या खेड्यांतल्या आज्या ठामपणे नाही म्हणतात, आणि ‘मिश्री लावता का?’ असे विचारले की दिवसातून चार वेळा लावतो असे सांगतात. निकोटीन बिडीतून जावो की मिश्रीतून, मणके जुळण्याच्या आड ते येतेच. मिश्री सुटल्याशिवाय दुसरी शस्त्रक्रिया करायला मी तयार होत नाही, तातडीचे कारण असेल तर गोष्ट वेगळी.

मधुमेह हा यातला फसवा भाग आहे. प्रौढ वयातल्या मधुमेहात हाडाची मोजलेली घनता पुष्कळदा सामान्य किंवा थोडी जास्तच येते, तरी हाडाची प्रत खालावलेली असते. आकडा चांगला आहे म्हणून अशा रुग्णाचे हाड चांगले समजू नये.

तिसरी तपासणी: रक्त

दोन वेगळ्या प्रश्नांसाठी रक्त घ्यायचे असते. पहिला प्रश्न जंतुसंसर्गाचा, त्यासाठी ईएसआर व सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या आणि रक्तपेशींची संख्या. हे आकडे वाढलेले असतील तर संशय पक्का होतो. पण ते सामान्य असले म्हणून संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारे काही मंद जंतू धातूला चिकटून महिनोन्‌महिने राहतात, तापही आणत नाहीत आणि सीआरपीही फारसे हलवत नाहीत, फक्त स्क्रूभोवतीचे हाड खात राहतात.

दुसरा प्रश्न हाडाच्या घडणीचा. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड हार्मोन यांवरून हाड नुसते विरळ आहे की मऊ पडले आहे हे कळते. ड जीवनसत्त्व मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असणे ही आपल्याकडे, रोज उन्हातून ये-जा करणाऱ्यांमध्येही, अगदी नेहमीची गोष्ट आहे. ते फारच कमी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज व पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेले असे चित्र असेल, तर हाडात खनिजच नीट भरलेले नाही असे समजावे. अशा हाडात कोणताही स्क्रू टिकत नाही, पण हा दोष भरून काढता येतो आणि म्हणून तो आधी शोधायचा. ६०,००० युनिटच्या साप्ताहिक पुड्या ठरवून दिलेल्या मुदतीपुरत्याच घ्याव्यात. त्या कोणालाही न विचारता वर्षभर चालू ठेवल्याने कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

साठीच्या पुढच्या रुग्णात हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप वाढलेला आणि मणके दबलेले असे तिन्ही एकत्र दिसले, तर मायलोमा नावाच्या रक्ताच्या कर्करोगासाठी प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. तो वगळल्याशिवाय ‘वयाने हाडे ठिसूळ झाली’ असे लिहू नये.

चौथी तपासणी: आधीच काढलेल्या सीटी आणि एमआरआयमधून हाडाची प्रत वाचा

या तपासणीचा आमच्याकडे सर्वांत कमी उपयोग केला जातो, आणि मला तिची सर्वांत जास्त मदत होते. पोटाचा, छातीचा किंवा कंबरेचा सीटी कोणत्याही कारणाने काढलेला असेल, तर त्यातच मणक्याच्या जाळीदार हाडाची घनता हाउन्सफील्ड एककात, म्हणजे सीटीवरची घनता सांगणाऱ्या आकड्यात, मोजता येते. नवीन किरणोत्सर्ग नाही, नवीन बिल नाही. रेडिओलॉजिस्टला फोन करून कंबरेच्या पहिल्या मणक्याचा आकडा विचारायचा, एवढेच. हा आकडा १६० च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या विकाराची, शक्यता कमी असते, आणि ११० किंवा त्याहून खाली असेल तर ती बरीच जास्त असते. मधल्या पट्ट्यात पुढच्या तपासणीची जोड घ्यावी.

मोजताना काही पथ्ये पाळावी लागतात. मोजणीचे वर्तुळ फक्त जाळीदार हाडात ठेवावे, कवचात किंवा मागच्या शिरेच्या छिद्रात जाऊ देऊ नये. धातू असलेला मणका मोजू नये, कारण धातूच्या रेषांमुळे आकडा बिघडतो. वरचा मोकळा मणका घ्यावा. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटीत आकडा थोडा फुगतो. हे आकडे १२० किलोव्होल्टवर काढलेल्या सीटीचे आहेत, हेही विसरू नये. शक्य असेल तिथे शस्त्रक्रियेपूर्वीचा सीटी शोधून काढावा, म्हणजे स्क्रू बसवला त्या दिवशी हाड कसे होते ते कळते.

सीटी नसेल तर एमआरआय तरी बहुतेकांकडे असतोच. विरळ हाडात जाळीची जागा चरबी घेते आणि एमआरआयच्या टी-१ चित्रांत चरबी उजळ दिसते. मणक्यांची उजळता पाठीतल्या द्रवाच्या उजळतेशी ताडून हाडाच्या प्रतीचा अंदाज घेता येतो. हा अंदाजच आहे, निदान नव्हे.

पाचवी तपासणी: डेक्सा, आणि तिच्यातले खाचखळगे

हाडाची घनता मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे डेक्सा, कमी मात्रेच्या क्ष-किरणांची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या मोजपट्टीनुसार टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे १ किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर कमी घनता, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

अडचण अशी की ज्यांच्या कंबरेवर शस्त्रक्रिया होते, त्यांच्याच कंबरेचा डेक्सा सर्वांत जास्त फसवतो. वयाने मणक्यांच्या कडांना आलेले हाडाचे काटे, सुजून जाड झालेले मागचे सांधे, पोटातल्या महाधमनीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम, हे सारे त्या एका सपाट चित्रात हाड म्हणूनच मोजले जाते आणि स्कोअर खोटा चांगला येतो. दबलेला मणकाही जास्त घट्ट दिसतो. धातू असलेले मणके तर मोजणीतून काढूनच टाकावे लागतात. म्हणून खुब्याचा आकडा घ्यावा आणि जोडीला मनगटाजवळच्या हाताच्या हाडाचाही घ्यावा. कंबरेचा स्कोअर उणे १ आणि खुब्याचा उणे २.८ आला तर खुब्यावर विश्वास ठेवावा. त्यांची सरासरी काढणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्या सरासरीला काहीही अर्थ नाही.

औषधाच्या दुकानात किंवा मंगल कार्यालयात भरणाऱ्या ‘मोफत हाडांची घनता तपासणी’ शिबिरात टाचेवर जे यंत्र लावतात, ते ध्वनिलहरींचे असते. त्यावरून पुढची तपासणी करावी की नाही एवढे ठरवता येईल. उपचार किंवा शस्त्रक्रिया ठरवता येत नाही.

सहावी तपासणी: नवा सीटी, आणि संसर्गाचा शोध

आता खर्च वाढतो. बारीक कापांचा सीटी दोन प्रश्नांची उत्तरे देतो: स्क्रूभोवती पोकळी किती मोठी आहे, आणि मणके जुळले आहेत का. दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. मणके पक्के जुळले असतील तर सैल स्क्रूचे काम संपलेले असते. तो टोचत असेल तर काढून टाकता येतो, नव्याने बसवण्याची गरज उरत नाही. जुळणी नीट पाहायची तर शस्त्रक्रियेला साधारण वर्ष होऊ द्यावे, त्याआधीचा ‘जुळले नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. पुढे व मागे वाकून काढलेले एक्स-रे सोबत असावेत.

उभ्याने, डोक्यापासून खुब्यापर्यंतचा बाजूचा एक्स-रेही याच टप्प्यावर घ्यावा. कंबरेचा नैसर्गिक बाक ओटीपोटाच्या हाडाच्या घडणीला जुळत नसेल, तर शरीर पुढे झुकते आणि खालच्या स्क्रूंवर कायमचा ताण राहतो. हा तोल न सुधारता केलेली पुनर्शस्त्रक्रिया चांगल्या हाडातही टिकत नाही.

संसर्गाचा संशय असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना घ्यावा. पुनर्शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांहून अनेक नमुने घ्यावेत, प्रयोगशाळेला ते १४ दिवस ठेवायला स्पष्ट सांगावे, कारण मंद जंतू तीन-चार दिवसांत उगवत नाहीत, आणि आपल्या देशात क्षयाची तपासणी त्यांतच करून घ्यावी.

मग करायचे काय

दुखत नसेल, स्क्रू सरकत नसेल आणि मज्जातंतूला धोका नसेल, तर काही महिन्यांच्या अंतराने एक्स-रे काढत हाडाचे उपचार सुरू ठेवणे हाच योग्य उपाय असतो. पट्टा, वाकून वजन न उचलणे, जमिनीऐवजी खुर्चीवर बसणे आणि पाश्चात्त्य पद्धतीचा संडास यांनी स्क्रूवरचा भार घटतो. अशा रुग्णांपैकी काहींचे मणके उशिरा का होईना जुळतात.

औषधांत टेरिपॅराटाइडचे स्थान वेगळे आहे, कारण ते हाडाची झीज थांबवण्यापेक्षा नवे हाड तयार करवते. पाळी गेलेल्या ऑस्टिओपोरोसिसग्रस्त स्त्रियांवर जपानमध्ये ओहतोरी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्यांत स्क्रू सैल पडण्याचे प्रमाण ७ ते १३ टक्के होते. रिसेड्रोनेट या झीज थांबवणाऱ्या औषधाच्या गटात १३ ते २६ टक्के आणि औषध न घेणाऱ्यांत १५ ते २५ टक्के. रोज २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन पोटावर किंवा मांडीवर घ्यायचे असते आणि पेन फ्रिजमध्ये ठेवावे लागते. पूर्वी हाडांवर किरणोपचार झालेल्यांना, हाडांत कर्करोग असलेल्यांना किंवा कॅल्शियम वाढलेले असलेल्यांना ते देत नाहीत. शक्य असेल तर पुनर्शस्त्रक्रियेच्या काही महिने आधी सुरू करून नंतरही चालू ठेवावे. झोलेड्रॉनिक आम्ल हे झीज थांबवणारे औषध देण्यापूर्वी ड जीवनसत्त्व भरून काढावे आणि क्रिएटिनिन पाहावे; नाहीतर कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकते.

शस्त्रक्रियाच करावी लागली तर पुढचा भाग सहकाऱ्यांसाठी. पकड वाढवण्यात स्क्रूच्या बाहेरच्या व्यासाचा वाटा लांबीपेक्षा मोठा असतो, म्हणून जुन्या छिद्रात एक-दोन मिलिमीटर जाड स्क्रू हा पहिला विचार येतो. पण ठिसूळ पेडिकल जाड स्क्रूने फुटते, आणि फुटले की ६० टक्के पकड तिथेच संपते. सीटीवर पेडिकल मोजल्याशिवाय व्यास ठरवू नये. ठिसूळ हाडात आधी आटे पाडू नयेत, किंवा पाडायचेच तर स्क्रूपेक्षा किमान एक मिलिमीटर कमी व्यासाचे पाडावेत. शंकूच्या आकाराचा स्क्रू एकदा बसवला की शक्यतो मागे फिरवू नये, त्याची पकड घटू शकते. सेक्रममध्ये स्क्रूचे टोक पुढच्या-वरच्या कठीण कडेत रुतेल अशी दिशा धरावी. जुनी वाट पूर्ण पोकळ झाली असेल तर खालून-आतून वर-बाहेर जाणारी कवचातली वाट घेता येते. सांटोनी आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात सरळ ओढीला तिची पकड नेहमीच्या वाटेपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भरली.

बोन सिमेंटने पकड खात्रीने वाढते. छिद्रे असलेल्या स्क्रूतून दीड ते तीन मिलिलिटर सिमेंट, दाटसर झाल्यावर, क्ष-किरणांच्या सलग नजरेखाली भरावे. ते शिरांतून फुप्फुसांत जाऊ शकते किंवा मज्जारज्जूच्या पोकळीत गळू शकते. संसर्गाची शंका असताना सिमेंट अजिबात वापरू नये, आणि पेडिकलची आतली भिंत फुटली असेल तिथेही नको. पकड उत्तम मिळाली म्हणून हाडाचा कलम भरण्यात कसूर करू नये, कारण शेवटी भार मणक्यांच्या जुळणीनेच पेलायचा असतो.

सहकाऱ्यांनी कुठे थांबावे

संसर्गाचा संशय आहे आणि जवळ चांगली सूक्ष्मजीव प्रयोगशाळा नाही. सिमेंट लागणार आहे आणि अतिदक्षता विभाग किंवा स्पष्ट चित्र देणारा सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रियेतले क्ष-किरण यंत्र, नाही. सेक्रमचे स्क्रू सैल आहेत आणि मांडणी ओटीपोटाच्या हाडापर्यंत न्यावी लागेल. शरीराचा तोल बिघडला आहे. पायाची ताकद कमी होत चालली आहे. किंवा ही दुसऱ्यांदा होणारी पुनर्शस्त्रक्रिया आहे. यांपैकी काहीही असेल तर रुग्णाला कण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे केंद्र गाठून द्यावे, आणि सोबत सगळे एक्स-रे, पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद, बसवलेल्या स्क्रूंचे स्टिकर व रक्ताचे अहवाल द्यावेत. स्टिकरवरून स्क्रूची जात कळते आणि तो काढायला लागणारा पाना आधी मागवता येतो. तो नसेल तर अर्धी शस्त्रक्रिया हत्यार शोधण्यात जाते.

नवा स्क्रू बसल्यावर पहिल्या वर्षात दीड, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी एक्स-रे काढावा. टेरिपॅराटाइड एकूण २४ महिन्यांपर्यंत देतात, आणि ते संपले की लगेच झीज थांबवणारे औषध सुरू करावे लागते, नाहीतर कमावलेले हाड पुन्हा उतरू लागते. डेनोसुमॅब हे झीज थांबवणारे औषध सुरू असेल तर सहा महिन्यांचे इंजेक्शन चुकवू नये. ते मध्येच सोडल्याने मणके एकामागून एक दबल्याची उदाहरणे आहेत. म्हणून बंद करायचे असेल तर पर्यायी औषध ठरवूनच बंद करावे.